ऑफिसचा फोन टीम्सला जोडल्यावर कॉल मधेच हरवतात: आधी कारण शोधा, मग जोडणीचा मार्ग ठरवा

तक्रार जवळपास सगळीकडे एकाच शब्दांत येते. ग्राहक म्हणतो, "तुमच्या ऑफिसला फोन लावला, थोडा वेळ रिंग वाजली आणि मशीनच बोलायला लागलं." रिसेप्शनवरची ताई सांगते, "माझ्याकडे वाजलाच नाही." आयटीवाले पोर्टल उघडून दाखवतात की कॉल आला, उचलला गेला, व्यवस्थित संपला. ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची, देखभाल करणारा येतो, तर त्याच्या नोंदीतही कॉल 'आन्सर्ड'. कोणीतरी काहीतरी रीस्टार्ट करतं, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

कंपन्यांचे जुने फोन मायक्रोसॉफ्ट टीम्सशी जोडण्याचं काम मी करतो. माझा अनुभव असा की वारंवार परतणाऱ्या या तक्रारींत उपकरण क्वचितच बिघडलेलं असतं. एकाच कॉलचं काय करायचं हे दोन यंत्रणा एकाच वेळी ठरवत असतात आणि कुठलीही एक दुसरीला विचारत नाही. जोडणीचा मार्ग निवडताना हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो, म्हणून सेटिंग कितीही बदलली तरी दुखणं फक्त जागा बदलतं. इथे आधी कारणं कशी ओळखायची ते सांगतो आणि मग कोणत्या ऑफिसने कोणता मार्ग धरावा ते.

नंबरचा रस्ता कागदावर काढा

काहीही बदलण्याआधी तुमचा सगळ्यात महत्त्वाचा नंबर घ्या, बहुधा पाटीवर आणि बिलावर छापलेला, आणि बाहेरून आलेला कॉल कुठून कुठे जातो ते कागदावर काढा. ऑपरेटरची लाइन कुठे उतरते? पीआरआय, म्हणजे एकाच वायरीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन, असेल तर ३० चॅनलची ती लाइन बहुतेक वेळा थेट ईपीएबीएक्सच्या कार्डात शिरते. सिप ट्रंक, म्हणजे आयपी नेटवर्कवरून येणारी ऑपरेटरची लाइन, असेल तर बरेच ऑपरेटर ती आपल्या खासगी लिंकवर, खासगी आयपी पत्त्यावर देतात आणि ती एसबीसीवर, म्हणजे सेशन बॉर्डर कंट्रोलरवर, दोन फोन यंत्रणांच्या मधे बसून कॉल पुढे पाठवणाऱ्या उपकरणावर, उतरते. तिथून कॉल टीम्सकडे जातो, ईपीएबीएक्सकडे जातो, की दोन्हीकडे एकदम?

प्रत्येक वळणावर तीन गोष्टी लिहा. पुढे कुठे पाठवायचं हे कोण ठरवतं, ते किती सेकंद थांबतं, आणि कोणी उचललं नाही तर काय करतं. या कागदावर 'कोण ठरवतं' च्या रकान्यात एकाच टप्प्यासाठी दोन नावं आली, तर बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. हा कागद नसताना लॉग काढायला बसू नका. लॉगमध्ये प्रत्येक यंत्रणा आपापल्या परीने बरोबरच वागलेली दिसते आणि तुम्ही दिवसभर हिरव्या खुणा मोजत राहता.

मशीनने उचललेला कॉल

वर सांगितलेल्या तक्रारीचं हे मूळ आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ यानेच होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

टीम्समध्ये एखाद्याला आलेला फोन त्याने उचलला नाही तर २० सेकंदांनी व्हॉइसमेलला जातो, ही मूळची सेटिंग. ईपीएबीएक्समध्ये मात्र बहुतेकांनी वर्षानुवर्षं चालत आलेला हंटिंग ग्रुप ठेवलेला असतो: आधी रिसेप्शन, मग शेजारचं टेबल, मग मॅनेजर, आणि एकूण रिंग तीस-चाळीस सेकंद. जोडणी करणाऱ्याने सोयीचं म्हणून दोन्हीकडे कॉल एकाच वेळी वाजेल असं करून ठेवलेलं असतं. डेस्कवरचा फोनही वाजतो, लॅपटॉपवरचं टीम्सही वाजतं. ऐकायला हे छानच वाटतं.

पण सिपमध्ये असं दोन ठिकाणी फुटलेल्या कॉलचा नियम साधा आहे. जो आधी '२०० ओके' (उचलल्याचा संदेश) पाठवेल त्याला कॉल मिळतो, बाकीच्यांना लगेच 'कॅन्सल' जातं. व्हॉइसमेलने घेतलेला कॉल आणि माणसाने घेतलेला कॉल यांत एसबीसीला काही फरक दिसत नाही. विसाव्या सेकंदाला टीम्सचं व्हॉइसमेल कॉल उचलतं, डेस्कवरचा फोन गप्प होतो आणि मॅनेजरच्या टेबलापर्यंत कॉल पोचतच नाही. म्हणूनच सगळ्या नोंदींत तो कॉल 'उचललेला' असतो.

आता, रोजच्या रोज तक्रार येत नाही, मधूनच येते, याचं कारणही इथेच आहे. संबंधित माणूस टीम्समध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' वर असेल तर वीस सेकंदसुद्धा थांबावं लागत नाही, कॉल सरळ व्हॉइसमेलला जातो. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना टीम्स स्वतःहून 'प्रेझेंटिंग' अशी स्थिती लावतं आणि तीही तशीच वागते. सोमवारी सकाळी आढावा बैठकीत विक्री विभागाचा प्रमुख आकडे दाखवत असतो आणि नेमका त्याच वेळी विक्री विभागाचा फोन 'खराब' होतो. दुपारी आयटीवाले तपासतात तेव्हा सगळं ठीक. जो कर्मचारी रजेवर गेलाय आणि सगळीकडून साइन-आउट झालाय, त्याच्या नंबरचंही तेच होतं.

खात्री करून घ्यायची सोपी रीत: बाहेरच्या मोबाइलवरून फोन लावा, घड्याळ लावा आणि कोणालाही उचलू देऊ नका. बरोबर विसाव्या सेकंदाच्या आसपास मशीन बोललं तर ती न उचललेल्या कॉलची मुदत आहे. पहिल्या रिंगलाच बोललं तर साइन-आउट किंवा 'डू नॉट डिस्टर्ब'. तीस-चाळीस सेकंद वाजून कट झालं तर मात्र व्हॉइसमेलचा संबंध नाही, ईपीएबीएक्सच्या हंटिंगकडे बघा.

उपाय करताना बहुतेक जण टीम्समधली मुदत वाढवतात. ती १० सेकंदांच्या टप्प्यांनी ६० सेकंदांपर्यंत वाढवता येते. त्याने तात्पुरतं भागतं, पण 'डू नॉट डिस्टर्ब' चं काय? म्हणून मी या उपायावर थांबत नाही. ज्यांच्या टेबलावर अजून ईपीएबीएक्सचा फोन आहे त्यांचं टीम्स व्हॉइसमेल अ‍ॅडमिनकडून पूर्ण बंद करून घ्या. आणि विक्री, सेवा, वसुली असे जे नंबर विभागाचे आहेत, माणसाचे नाहीत, ते कोणाच्याही नावावर ठेवू नका. त्यांच्यासाठी रिसोर्स अकाउंट (माणसाचं नव्हे, नंबरचं खातं) तयार करून त्यावर कॉल क्यू (आलेले कॉल गटात वाटणारी रांग) लावा. क्यूमधला कॉल एजंटच्या वैयक्तिक व्हॉइसमेलला जात नाही. तो ठरलेल्या वेळेपुरता वाजतो, मूळची सेटिंग ३० सेकंदांची, आणि न उचलल्यास पुढच्याकडे सरकतो. सगळ्यांना ओलांडून गेलेल्या कॉलचं काय करायचं, तेही एकाच ठिकाणी ठरतं.

आणि शेवटी दोन्हीकडे एकदम वाजवणारा तो फाटा काढून टाका. एक नंबर एकतर टीम्सने सांभाळावा, नाहीतर ईपीएबीएक्सने. दोन्हीकडे वाजवण्याचा हट्ट बऱ्याचदा वरिष्ठांचा असतो, "मला दोन्हीकडे हवा". त्यांना हे समजावून सांगायला एक तास गेला तरी चालेल, पुढची सहा महिन्यांची डोकेदुखी टळते.

ऑफिसात वाजतो, घरी वाजत नाही

हा दुसरा मोठा गट आणि तो अगदी आपल्या देशाच्या नियमांतून आलेला आहे. भारतात दूरसंचार परवाना नसलेल्या कंपनीने एका शहरातला लँडलाइनचा कॉल स्वतःच्या इंटरनेटवरून दुसऱ्या शहरात नेऊन तिथल्या लाइनवर टाकणं, म्हणजे टोल बायपास, चालत नाही. बीपीओ कंपन्यांसाठीचे नियम ५ नोव्हेंबर २०२० ला आणि पुन्हा २३ जून २०२१ ला बरेच सैल झाले, घरून काम करणाऱ्या एजंटांना ब्रॉडबँडवरून जोडायची मोकळीकही मिळाली. पण टोल बायपासवरची बंदी उठलेली नाही.

ही अट पाळता यावी म्हणून टीम्समध्ये लोकेशन-बेस्ड राउटिंग नावाची सोय आहे. ती चालू असली की टीम्स प्रत्येक कॉलच्या वेळी माणूस कुठे आहे ते बघतं. बाहेरचा आयपी पत्ता तुमच्या विश्वासू यादीत आहे का, आणि आतला सबनेट, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमधला पत्त्यांचा गट, नोंदलेल्या जागेचा आहे का? दोन्ही जुळलं तर माणूस ऑफिसात. नाही जुळलं तर तो 'अज्ञात जागी', आणि ऑफिसच्या एसबीसीवरून येणारा बाहेरचा कॉल त्याच्याकडे जाऊ दिला जात नाही. तो व्हॉइसमेलकडे वळतो. त्याला त्या एसबीसीवरून बाहेर कॉलही करता येत नाही. ऑफिसमधल्या सहकाऱ्याने ग्राहकाचा कॉल घरी बसलेल्याकडे ट्रान्सफर करायचा प्रयत्न केला तर तोही अडतो, आणि तिघांची कॉन्फरन्सही होत नाही.

म्हणजे घरी फोन न वाजणं हा बिघाड नाही, नियम पाळला जातोय. ज्याला हे माहीत नाही तो हेडसेट बदलतो, लॅपटॉप बदलतो, अ‍ॅप पुन्हा टाकतो.

खरा त्रास होतो तो माणूस ऑफिसात असूनही टीम्स त्याला बाहेरचा समजतं तेव्हा. याची कारणं ठरलेली आहेत. मुख्य इंटरनेट गेलं, फायरवॉलने बॅकअप लाइनवर उडी मारली, आणि त्या दुसऱ्या लाइनचा सार्वजनिक आयपी पत्ता विश्वासू यादीत घातलेलाच नव्हता. इंटरनेट चालतंय, मीटिंग चालतायत, फक्त फोन बंद. पावसाळ्यात फायबर तुटण्याचे प्रकार वाढले की ही तक्रार वाढते ती यामुळे. किंवा वरचा मजला नवीन घेतला, तिथल्या वायफायला नवा सबनेट दिला आणि तो टीम्सच्या नेटवर्क साइटमध्ये नोंदवायचा राहिला. किंवा लोक व्हीपीएन चालू ठेवून बसतात आणि त्यांची रहदारी दुसऱ्याच शहरातून बाहेर पडते. मोबाइलवरचं टीम्स वायफाय सोडून डेटावर गेलं की तेही बाहेरचंच.

तपासणी अशी करा. ज्याचा फोन वाजत नाही त्याच्याच मशीनवर ब्राउझरमध्ये आपला बाहेरचा आयपी पत्ता बघा, आतला पत्ता बघा, आणि टीम्स अ‍ॅडमिन सेंटरमधल्या नेटवर्क टोपोलॉजीच्या यादीशी शब्दशः ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. बॅकअप लाइन मुद्दाम चालू करून एकदा हीच तपासणी केली तर पुढच्या पावसाळ्यात धावपळ होत नाही. इंटरनेट कंपनीने नूतनीकरणाच्या वेळी स्थिर आयपी बदलला असेल तर तेही इथेच दिसेल.

लँडलाइन लागते, मोबाइल लागत नाही

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. जुन्या ईपीएबीएक्समध्ये हा बदल त्या वेळी कोणीतरी करून ठेवला होता. टीम्सकडून कॉल एसबीसीला येतो तो अधिक ९१ आणि पुढे दहा अंक अशा रूपात. एसबीसीने तो ऑपरेटरला हव्या त्या रूपात बदलायचा असतो, आणि हा नियम नव्याने लिहिताना शून्य राहून जातं.

यात एक खास महाराष्ट्र-गोव्याची खोच आहे. '६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा अंक म्हणजे मोबाइल' असा नियम लिहिला जातो. पण नागपूरचा एसटीडी कोड ०७१२, अमरावतीचा ०७२१ आणि गोव्याचा ०८३२. शून्य काढलं की नागपूरचा लँडलाइन नंबर ७१२ ने सुरू होतो आणि दहाच अंकांचा असतो. मोबाइलला वेगळा ट्रंक किंवा वेगळी परवानगी दिली असेल तर नागपूरचे आणि पणजीचे कॉल चुकीच्या रस्त्याला लागतात, पुण्याचे ०२० चे आणि मुंबईचे ०२२ चे मात्र बरोबर जातात. "फक्त नागपूर लागत नाही" अशी तक्रार आली की आधी हा नियम उघडा. मोबाइल आणि एसटीडी दोन्हींना पुढे शून्य चालतं, त्यामुळे अधिक ९१ च्या जागी शून्य असा एकच नियम ठेवून स्थानिक शहराचा अपवाद त्याच्या वर लिहिणं मला सगळ्यात निर्धोक वाटतं.

लहान क्रमांक विसरू नका. ११२, १०८, १३९ आणि १८०० चे टोल-फ्री नंबर यांना अधिक ९१ किंवा शून्य चिकटलं की ते लागत नाहीत. ११२ चालत नसल्याचं ऐन गरजेच्या वेळी कळणं परवडणारं नाही, म्हणून हा नियम सगळ्यांत वर आणि वेगळा ठेवा.

टीम्समधून मोबाइलवर फॉरवर्ड केलेला कॉल अडतो, ही याच कुटुंबातली तक्रार. ग्राहकाने तुम्हाला फोन केला आणि तुम्ही तो आपल्या मोबाइलवर वळवला, तर बाहेर जाणाऱ्या कॉलवर ग्राहकाचा नंबर दिसतो. तुमच्या ट्रंकवर तुमच्या डीआयडी मालिकेतला, म्हणजे ऑपरेटरने तुम्हाला दिलेल्या नंबरांपैकी, नंबर नसेल तर ऑपरेटर कॉल नाकारतो आणि ते योग्यच आहे. एसबीसीकडून ओळखीच्या हेडरमध्ये तुमचा स्वतःचा डीआयडी जाईल अशी व्यवस्था करा, आणि फॉरवर्डचा इतिहास पुढे पाठवायची सेटिंग टीम्समधल्या त्या गेटवेवर चालू करा.

थोडक्यात ओळखता येणारे बाकीचे प्रकार

उचलल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आसपास, दर वेळी तेवढ्याच सेकंदांनी कॉल तुटतो: एसीके, म्हणजे कॉल उचलल्याची पोच, परत पोचत नाही. सिपचा हा टायमर ३२ सेकंदांचा आहे. फायरवॉलवरची सिप एएलजी (सिपचे संदेश मधेच बदलणारी सोय) बंद करा आणि एसबीसी आपल्या कॉन्टॅक्ट हेडरमध्ये कोणता पत्ता सांगतोय ते पाहा.

पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने तुटतो: सेशन टायमर, म्हणजे कॉल अजून चालू आहे का हे तपासणारी मुदत. १८०० सेकंदांची मुदत असेल तर निम्म्या वेळेला नूतनीकरणाचा संदेश जातो. ऑपरेटरची बाजू तो नाकारत असेल तर एसबीसीने तो स्वतःच हाताळावा.

एकाच बाजूचा आवाज: मीडियाचे, म्हणजे आवाज वाहून नेणारे, यूडीपी पोर्ट अडलेत, किंवा मीडिया बायपास (आवाज थेट लॅपटॉप आणि एसबीसीमध्ये नेणारी सोय) चालू आहे आणि ऑफिसातला लॅपटॉप एसबीसीच्या सार्वजनिक पत्त्यापर्यंत आतून पोचू शकत नाही. बायपास तात्पुरता बंद करून पाहा. आवाज आला तर कारण सापडलं.

महिनाअखेरीला, सकाळी अकराच्या सुमारास कॉल लागत नाहीत: चॅनल भरलेत. मोकळं सर्किट नाही हा ऑपरेटरचा निरोप एसबीसीपर्यंत '५०३' होऊन पोचतो, आणि टीम्स त्याचा अर्थ 'हा एसबीसी आजारी' असा घेऊन पुढच्या एसबीसीकडे वळतं. चॅनल वाढवा, किंवा एसबीसीवर तो कोड बदलून द्या.

एका सकाळी सगळंच बंद: एसबीसीच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली. एसबीसी आणि टीम्समधलं सिग्नलिंग पोर्ट ५०६१ वर टीएलएसनेच, म्हणजे सुरक्षित जोडणीनेच, चालतं आणि प्रमाणपत्र सार्वजनिक मान्यता असलेल्या संस्थेचंच लागतं. पूर्वी वर्षातून एकदा आठवण ठेवून भागायचं. आता अशा प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाणार आहे. नूतनीकरण आपोआप होईल असा एसबीसी नसेल तर हा एकच मुद्दा पुढे तुम्हाला मार्ग बदलायला लावेल.

कोणत्याही प्रकारात पुरावा हवा असेल तर टीम्स अ‍ॅडमिन सेंटरमधला पीएसटीएन (सार्वजनिक टेलिफोन जाळं) वापराचा अहवाल उघडा, त्यातला डायरेक्ट राउटिंगचा, म्हणजे एसबीसीमार्गे जोडणीचा, भाग. प्रत्येक कॉलपुढे अंतिम सिप कोड आणि मायक्रोसॉफ्टचा उपकोड असतो. 'कधीकधी होतं' म्हणणाऱ्याला वेळ आणि नंबर लिहून ठेवायला सांगा, त्याशिवाय त्या ओळी हाती लागत नाहीत.

मार्ग कसा निवडायचा

टीम्सला बाहेरचा फोन जोडायचे रस्ते मोजकेच आहेत. कॉलिंग प्लॅनमध्ये मायक्रोसॉफ्ट स्वतःच नंबर देतं, पण भारतातले नंबर त्या वाटेने मिळत नाहीत. ऑपरेटर कनेक्टमध्ये परवानाधारक ऑपरेटर आपल्या जाळ्यातून थेट टीम्सपर्यंत कॉल पोचवतो, एसबीसी त्याचा, देखभाल त्याची. भारतात काही ऑपरेटर आता ही सेवा देतात. डायरेक्ट राउटिंगमध्ये एसबीसी तुमचा किंवा तुमच्या सेवादाराचा, ट्रंक तुमच्या पसंतीच्या ऑपरेटरचा. आणि चौथा रस्ता म्हणजे ईपीएबीएक्स तसाच ठेवून त्याच्या सॉफ्टफोनचं अ‍ॅप टीम्सच्या खिडकीत बसवणं. ऑपरेटर कनेक्ट आणि डायरेक्ट राउटिंग या दोन्ही मार्गांत प्रत्येकाला टीम्स फोनचा परवाना लागतो, मायक्रोसॉफ्टच्या ई-५ योजनेत तो आधीच असतो.

लोक किमतीपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात नंबरपासून करा. मोबाइलला पोर्टेबिलिटी देशभर २०११ पासून आहे, लँडलाइनला ती सोय नाही. तुमचा ०२० चा किंवा ०२२ चा नंबर ज्या ऑपरेटरचा आहे, त्याच्याच जाळ्यात तो राहणार. तो ऑपरेटर तुमच्या शहरात ऑपरेटर कनेक्ट देत नसेल तर तुमच्यापुढे दोनच पर्याय उरतात: नंबर बदला, नाहीतर डायरेक्ट राउटिंग घ्या. वीस वर्षं पाटीवर, लेटरहेडवर, गिऱ्हाइकांच्या डायरीत बसलेला नंबर बदलण्याची किंमत कुठल्याही दरपत्रकात लिहिलेली नसते. हा प्रश्न आधी सुटला की निम्मी निवड आपोआप होते.

दुसरा प्रश्न: लोक कुठे बसतात? निम्मे लोक आठवड्यातले बरेच दिवस घरी असतील तर ऑफिसातल्या एसबीसीवर लोकेशन-बेस्ड राउटिंगसह डायरेक्ट राउटिंग त्यांना रोज छळणार. अशा ऑफिसने नवा नंबर घ्यावा लागला तरी ऑपरेटर कनेक्टचा गांभीर्याने विचार करावा, आणि घरून घेतल्या जाणाऱ्या कॉलबद्दल ऑपरेटरच्या अटी काय आहेत ते लेखी घ्यावं. तोंडी "सगळं चालतं" यावर सही करू नका.

तिसरा प्रश्न: लॅपटॉपशिवायचे फोन किती? कारखान्यात गेटवरचा सुरक्षारक्षक, वजनकाटा, कँटीन, लिफ्टमधला फोन, फायर पॅनेलची लाइन. रुग्णालयात वॉर्ड, हॉटेलात खोल्या. यांना टीम्स देण्यात अर्थ नाही. चाकण, रांजणगाव, बुटीबोरीसारख्या पट्ट्यातल्या कारखान्यांना मी डायरेक्ट राउटिंगच सुचवतो, पण एका अटीवर: ऑपरेटरची लाइन आधी एसबीसीवर उतरवायची आणि ईपीएबीएक्स त्याच्या मागे, फक्त अ‍ॅनालॉग, म्हणजे साध्या तारेच्या, फोनपुरता. म्हणजे कोणता नंबर कुठे जाईल हे एसबीसीच ठरवतो. लाइन ईपीएबीएक्सवर उतरवून टीम्सला त्याच्या मागे टांगलं की वरची सगळी दुखणी एकेक करून परत येतात, कारण दर बदलासाठी दोन्हीकडे हात घालावा लागतो. इंटरनेट तुटल्यावरही फोन चालू राहावेत अशी गरज असेल तर सर्व्हायव्हेबल ब्रँच अप्लायन्स चालवू शकणारा, मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणित यादीतला एसबीसी घ्या. ऑडिओकोड्स, रिबन, सिस्को, ओरॅकल अशी नावं त्या यादीत आहेत. तुमच्या गावात दुसऱ्या दिवशी माणूस पाठवू शकेल असा सेवादार कोणाचा आहे, हे मॉडेलपेक्षा महत्त्वाचं.

पंधरा-वीस माणसांचं ऑफिस, एकच शहर, अ‍ॅनालॉग काही नाही, ऑपरेटर सेवा देतोय: ऑपरेटर कनेक्ट घ्या. एसबीसी सांभाळायला माणूस नसताना डायरेक्ट राउटिंग अंगावर घेऊ नये.

ईपीएबीएक्स नुकताच घेतलाय आणि त्याचे पैसे अजून फिटायचेत, तर चौथा रस्ता वाईट नाही. अ‍ॅपमधला फोन आणि टीम्सची हिरवी-लाल स्थिती एकमेकांना नीट ओळखतीलच असं नाही, हे लोकांना आधीच सांगा. पण कॉलचा मालक एकच राहतो, ईपीएबीएक्स. अर्धवट जोडणीपेक्षा हे कितीतरी बरं.

बदल करताना

एक विभाग आधी हलवा, खरेदी विभाग बहुधा सोयीचा, तिथे येणाऱ्या कॉलपेक्षा जाणारे कॉल जास्त असतात. रिसेप्शन सगळ्यात शेवटी. प्रत्येक विभाग हलवल्यावर त्याच दिवशी हे कॉल करून बघा: बाहेरच्या मोबाइलवरून आत, न उचलता; ऑफिसातून मोबाइलला, नागपूरच्या लँडलाइनला, १८०० ला, १३९ ला; सहकाऱ्याकडे ट्रान्सफर, तो ऑफिसात असताना आणि घरी असताना; मोबाइलवर फॉरवर्ड; अर्ध्या तासाहून लांब चालणारा एक कॉल; आणि बॅकअप इंटरनेटवर यातले पहिले दोन पुन्हा. ११२ चा मार्ग ऑपरेटरशी बोलून, त्यांच्या सांगण्याप्रमाणेच तपासा. जो कॉल अडेल त्याची वेळ त्या पहिल्या कागदावर ज्या वळणावर अडला तिथे लिहा, आणि तो सुटेपर्यंत पुढचा विभाग हलवू नका.